रास्पबेरी पाय ४ मॉडेल बी: पिन इंटरप्ट आणि कर्नल मॉड्यूलच्या कामाला कसा?

रास्पबेरी पाय ४ ची परीक्षणं बहुतेक वेळा व्हिडिओ किती सुरळीत चालतो, ब्राउझरचे किती टॅब उघडतात इथेच संपतात. इथे विषय आहे तो बोर्डाच्या कडेला असलेल्या ४० पिनांचा, आणि त्यांच्या एकाच कामाचा: पिनवरची पातळी बदलली की कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) आपल्या मॉड्यूलला, म्हणजे त्याला वेगळ्या जोडलेल्या कोडला, ते वेळेवर आणि न चुकता कळलं पाहिजे. अशा सूचनेला इंटरप्ट म्हणतात. शिकण्यासाठी, आणि सेकंदाला काहीशे ते हजारभर घटना सांभाळायच्या प्रत्यक्ष कामासाठी हा बोर्ड बिनधास्त घ्यावा. वेगात फिरणाऱ्या मोटरच्या एनकोडरचे (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचे) ठोके मोजायचे असतील किंवा ठरलेल्या मायक्रोसेकंदात उत्तर द्यायचं असेल, तर घेऊ नये. या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही आहे, आणि त्यातलं बहुतेक बोर्डासोबतच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

पिनपासून हँडलरपर्यंत

बोर्ड जून २०१९ मध्ये आला. ब्रॉडकॉमची बीसीएम२७११ चिप, १.५ गिगाहर्ट्झचे चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर. चिपवर ५८ जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या पिना) आहेत, त्यातले ० ते २७ असे २८ हेडरवर येतात. या सगळ्यांवर रायझिंग एज (पातळी वर जाताना), फॉलिंग एज (खाली येताना), दोन्ही एज, हाय लेव्हल (वर असेपर्यंत), लो लेव्हल (खाली असेपर्यंत) यांपैकी कुठलाही इंटरप्ट लावता येतो. एवढी मोकळीक या वर्गातल्या प्रत्येक बोर्डावर मिळत नाही, म्हणून हा गुण पहिला नोंदवायला हवा.

आता गोम. हेडरवरच्या या सगळ्या पिना एकाच बँकेत आहेत आणि त्या बँकेतून जीआयसी-४०० या इंटरप्ट कंट्रोलरकडे एकच लाइन जाते. ती वाजली की कर्नलचा पिनकंट्रोल ड्रायव्हर स्टेटस रजिस्टर वाचतो, कुठल्या पिनचे बिट वर आहेत ते पाहतो आणि पिनच्या क्रमांकाच्या चढत्या क्रमाने एकेकाचा हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) बोलावतो. याचे दोन परिणाम हातात येतात. एका पिनचा हँडलर रेंगाळला तर बाकीच्या सगळ्या पिना त्याच्यामागे रांगेत उभ्या राहतात. आणि दोन घटना एकाच क्षणी आल्या तर लहान क्रमांकाच्या पिनला आधी न्याय मिळतो. त्यामुळे तातडीचा सिग्नल जीपीआयओ १७ वर आणि बटण २७ वर असावं, उलट नको. वायरिंग करतानाच हे ठरवलं की नंतर डोकेदुखी राहत नाही.

प्रत्येक पिनमागे घटना नोंदवणारं बिट एकच आहे. कर्नल हँडलर बोलावण्याआधी ते बिट पुसतो, म्हणून हँडलर चालू असताना आलेली एक एज हरवत नाही. मात्र तेवढ्या वेळात दोन आल्या, तीन आल्या, तरी नोंद एकाचीच होते. ठोके मोजणाऱ्या मॉड्यूलमध्ये आकडा कमी भरतो तो इथे, आणि कोडमध्ये चूक शोधत बसलं तर ती कधीच सापडत नाही. वायएफ-एस२०१ हा पाण्याचा फ्लो सेन्सर घ्या: लिटर प्रति मिनिट प्रवाहाला ७.५ ने गुणलं की हर्ट्झ मिळतात, म्हणजे ३० लिटरला २२५ हर्ट्झ. दोन ठोक्यांमध्ये चार मिलिसेकंदांहून जास्त जागा, पाय ४ ला हे काहीच नाही. तेच १००० रेषांचा एनकोडर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवला तर एका चॅनेलच्या एकाच एजचे सेकंदाला ५०,००० ठोके होतात, दर २० मायक्रोसेकंदांना एक. तिथे आकडे गळणारच.

व्होल्टेज आणि पुल

पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि ५ व्होल्ट सहन करत नाहीत. एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरची एको पिन ५ व्होल्ट देते. तिला १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर लावला की ३.३ च्या आसपास येतं. एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर ५ व्होल्टवर चालला तरी आउटपुट ३.३ चंच देतो, तो थेट चालतो. लांब तारा किंवा मोटर-रिले शेजारी असतील तर पीसी८१७ ऑप्टोकपलर मध्ये घाला. तो सिग्नल उलटा करतो, तेव्हा रायझिंगच्या जागी फॉलिंग लावायचं लक्षात ठेवा.

आता ज्या कारणाने बहुतेकांचा पहिला दिवस वाया जातो ते कारण. बोर्ड चालू होताना जीपीआयओ ० ते ८ वर अंतर्गत पुल-अप (पिन वर ओढणारा रेझिस्टर) असतो आणि ९ ते २७ वर पुल-डाउन (खाली ओढणारा). सगळ्या शिकवण्यांमधली लाडकी पिन १७ आहे, हेडरवर ११ क्रमांकाची, आणि तिच्या शेजारी ९ वर ग्राउंड. बटण या दोघींमध्ये लावलं की पिन आधीपासूनच खाली ओढलेली. दाबलं तरी खाली, सोडलं तरी खाली. मॉड्यूल व्यवस्थित लोड होतं, इंटरप्ट नंबर मिळतो, कुठलीही त्रुटी नाही, आणि मोजणी शून्यावरच राहते. पुल-अप डिव्हाइस ट्रीमधून (कर्नलला हार्डवेअरची मांडणी सांगणाऱ्या फाइलमधून) मागावा लागतो किंवा बाहेरून १० किलोओहम ३.३ व्होल्टला लावावा लागतो. जीपीआयओ २ आणि ३ वर मात्र बोर्डावरच १.८ किलोओहमचे कायमचे पुल-अप आहेत. ते आयटूसीसाठी (चिपा जोडायच्या दोन तारांच्या बससाठी) आहेत, त्यांना इंटरप्टच्या कामाला जुंपू नका.

पिन कशी मागायची

जुन्या शिकवण्यांमध्ये थेट आकडा देऊन पिन मागतात: जीपीआयओ_रिक्वेस्ट ला १७, मग जीपीआयओ_टू_आयआरक्यू ला १७. रास्पबेरी पायच्या ६.६ कर्नलपासून हे मोडलं. आकडे आता ० पासून सुरू होत नाहीत, ५१२ पासून होतात. जुना १७ तिथे ५२९ झाला. कोडमध्ये ५२९ लिहून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. तसं करू नये, कारण हा आकडा कर्नल ठरवतो आणि तो पुन्हा बदलू शकतो. त्याच जुन्या कोडमधला क्लास_क्रिएटही ६.४ पासून एकच आर्ग्युमेंट घेतो, तिथे कंपायलर निदान ओरडतो तरी.

सरळ रस्ता डिव्हाइस ट्री ओव्हरलेचा, म्हणजे मूळ ट्रीवर चढवायच्या जोडफाइलचा. तो छोटासा असतो: एका भागात पिनची मांडणी (ब्रॉडकॉमच्या प्रॉपर्टीज: पिन १७, फंक्शन ० म्हणजे इनपुट, पुल २ म्हणजे पुल-अप, १ म्हणजे पुल-डाउन), दुसऱ्या भागात आपला नोड, त्यात कम्पॅटिबल नाव, इंटरप्ट-पेरेंट म्हणून जीपीआयओ कंट्रोलर आणि इंटरप्ट्स मध्ये दोन आकडे, १७ आणि २. दुसरा आकडा ट्रिगरचा: १ रायझिंग, २ फॉलिंग, ३ दोन्ही, ४ हाय लेव्हल, ८ लो लेव्हल. डीटीसी (डिव्हाइस ट्रीचा कंपायलर) ने कंपाइल करताना ‘-@’ विसरू नका. तयार फाइल ओव्हरलेच्या फोल्डरमध्ये टाका आणि कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहा. ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती फाइल बूट खालच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे, जुन्या जागी लिहून काही होत नाही. मॉड्यूलच्या प्रोबमध्ये (नोड जुळला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू ने नंबर घ्या आणि कोडमधून ट्रिगरचा फ्लॅग देऊ नका. दिलात तर तो डिव्हाइस ट्रीवर मात करतो, आणि मग हार्डवेअरवाला ओव्हरले बदलत राहतो, फरक मात्र काहीच पडत नाही.

ही ओव्हरलेची सोय या बोर्डाची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. कर्नल पुन्हा न बांधता, एक ओळ लिहून रीबूट केलं की पिन दुसऱ्या कामाला लागते. तयार ओव्हरले तर इतके आहेत की ड्रायव्हर लिहिण्याआधी ती यादी वाचणं हेच पहिलं काम असावं: बटणाला जीपीआयओ-की, जीपीएसच्या दर सेकंदाच्या ठोक्याला पीपीएस-जीपीआयओ (डिफॉल्ट पिन १८), रिमोटला जीपीआयओ-आयआर, हाताने फिरवायच्या नॉबला रोटरी-एनकोडर. फक्त एज कळून यूजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममध्ये) काही करायचं असेल तर मॉड्यूलची गरजच नाही. कॅरेक्टर डिव्हाइसवर जीपीआयओमॉन ही कमांड चालवा. कर्नल ५.१० पासून त्या इंटरफेसमध्ये सॉफ्टवेअर डिबाउन्सही (बटणाचा खडखडाट गाळणं) आहे.

हँडलर: काय चालतं, काय नाही

वरच्या, म्हणजे हार्ड हँडलरमध्ये झोपता येत नाही. म्यूटेक्स, एमस्लीप, जीएफपी_कर्नल ने मेमरी मागणं, आयटूसीवरून वाचणं, सगळं बंद. केलंत तर लॉगमध्ये ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ येतं, आणि न आलं तर जास्त वाईट, कारण मग बोर्ड दोन दिवसांनी कधीतरी गोठतो. तिथे वेळेचा शिक्का (केटाइम_गेट) घ्यावा, एखादा आकडा वाढवावा, पुढचं काम सोपवावं आणि बाहेर पडावं. प्रोसेसच्या बाजूने तोच डेटा हाताळताना स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह (तेवढ्यापुरते इंटरप्ट थांबवणारा लॉक) हवा. एकच भरणारा आणि एकच उपसणारा असेल तर केफायफो (कर्नलमधली तयार रांग) ला लॉक लागत नाही.

हँडलरमध्ये छापण्याचा मोह सगळ्यांना होतो. सीरियल कन्सोल ११५२०० वर चालू असेल तर एका अक्षराला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. ६० अक्षरांची एक ओळ म्हणजे पाच मिलिसेकंद. तपासणीसाठी टाकलेली ती ओळच ठोके गिळते. ट्रेस_प्रिंटके वापरा, तो मेमरीत लिहितो.

काम मोठं असेल तर रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू, म्हणजे ते झोपता येणाऱ्या थ्रेडमध्ये चालतं. वरचा हँडलर नल दिला तर आयआरक्यूएफ_वनशॉट सक्तीचा आहे; विसरलात तर ईआयएनव्हीएएल ही त्रुटी परत येते आणि लॉगमध्ये कारणही स्पष्ट लिहिलेलं असतं. या सक्तीचं कारण लेव्हल इंटरप्टमध्ये दिसतं. एमसीपी२३०१७ हा १६ पिनांचा आयटूसी एक्सपांडर (पिना वाढवणारी चिप) घ्या: त्याच्या पिनवर बदल झाला की त्याची इंट लाइन खाली जाते आणि त्याचं रजिस्टर वाचेपर्यंत खालीच राहते. वाचायचं तर आयटूसी, म्हणजे थ्रेडमध्येच. वरचा हँडलर परतला आणि लाइन अजून खाली आहे, तर लगेच पुन्हा इंटरप्ट, पुन्हा, पुन्हा. थ्रेडला चालायला वेळच मिळत नाही. वनशॉट असेल तर थ्रेड संपेपर्यंत लाइन झाकलेली राहते.

इथे काही जण फॉलिंग एज लावून इंटरप्टचं हे वादळ टाळतात. वादळ टळतं, पण दुसरं दुखणं येतं: मॉड्यूल लोड होण्याआधीच लाइन खाली गेलेली असेल तर आता एज येणारच नाही. कुणी रजिस्टर वाचणार नाही, लाइन वर जाणार नाही आणि उपकरण मेल्यासारखं पडून राहील. असली चिप असेल तर लो लेव्हल आणि वनशॉट ही जोडीच बरोबर. एक्सपांडरच्या पिनांवर आपला इंटरप्ट लावायचा असेल तर साधा रिक्वेस्ट_आयआरक्यू नाकारला जातो, कारण त्या पिना थ्रेडमधूनच कळतात. तिथे थ्रेडेड किंवा रिक्वेस्ट_एनी_कॉन्टेक्स्ट_आयआरक्यू.

आणखी एक सापळा: स्वतःच्या हँडलरमधून डिसेबल_आयआरक्यू बोलावणं. ते फंक्शन हँडलर संपण्याची वाट पाहतं, आणि हँडलर त्या फंक्शनची. कोअर तिथेच अडकतो. डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक वापरा.

डिबाउन्स: बोर्डाची खरी उणीव

बीसीएम२७११ च्या पिनांना हार्डवेअर डिबाउन्स नाही. चिप एज ओळखताना आपल्या सिस्टिम क्लॉकवर ओळीने तीन नमुने पाहते, त्यामुळे अगदी नॅनोसेकंदांचा खडखडाट गळतो. बटणाचा खडखडाट मात्र मिलिसेकंदांचा असतो. जीपीआयओडी_सेट_डिबाउन्स बोलावला की ‘आधार नाही’ अशी त्रुटी परत येते. पुष्कळ कोड ती त्रुटी तपासतच नाही आणि डिबाउन्स लागला असं धरून चालतो. एक टॅक्ट स्विच लावा, प्रॉक खालच्या इंटरप्ट्स फाइलमध्ये आपली ओळ पाहा, एकदाच दाबा आणि पुन्हा पाहा: आकडा एकाऐवजी पाच-सातने पुढे गेलेला सापडू शकतो.

बीगलबोन ब्लॅकच्या एएम३३५८ मध्ये ही सोय चिपमध्येच आहे, ३१ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांमध्ये जवळजवळ ८ मिलिसेकंदांपर्यंत, जरी एका बँकेला एकच वेळ ठरवता येते. शिवाय त्यात २०० मेगाहर्ट्झचे दोन पीआरयू (वेगळे छोटे प्रोसेसर) आहेत, जे लिनक्सला न विचारता पिन वाचत राहतात. वर सांगितलेला एनकोडर त्या बोर्डाचं काम आहे.

पायवर डिबाउन्स आपण करायचा. दोन्ही एजवर इंटरप्ट घ्या, हँडलरमध्ये फक्त मॉड_डिलेड_वर्क ला २० मिलिसेकंद द्या. प्रत्येक नवी एज वेळ पुन्हा पुढे ढकलते. २० मिलिसेकंद शांत गेले की वर्क चालतं, पिन वाचतं, आधीच्या स्थिर अवस्थेशी ताडतं आणि बदल असेल तरच कळवतं. पहिल्या एजनंतर ठरावीक वेळ दुर्लक्ष करण्याची पद्धत सोपी वाटते, पण विजेच्या एका ठिणगीलाही ती खरं दाबणं समजते. मोटरजवळच्या लिमिट स्विचला हे परवडत नाही. हार्डवेअरने भागवायचं तर १० किलोओहमचा पुल-अप, स्विचला समांतर १०० नॅनोफॅरॅड, म्हणजे एक मिलिसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, आणि कॅपॅसिटर कॉन्टॅक्टमधून झटक्यात रिकामा होऊ नये म्हणून स्विचच्या ओळीत १०० ओहम. लांब तार असेल तर दोन्ही करा.

वेळेची हमी

मोकळ्या बोर्डावर हँडलर मायक्रोसेकंदांच्या हिशेबात पोचतो; नेटवर्क आणि यूएसबीचा भार आला की उशीर कितीतरी पटींनी वाढू शकतो, आणि त्याला वरची मर्यादा नाही. डिफॉल्टने इंटरप्ट सीपीयू ० वरच येतात, तिथे गर्दी होते. मोजायचं असेल तर हँडलरच्या पहिल्या ओळीत दुसरी पिन उलटी करा आणि दोन्ही पिना ८ चॅनेलच्या, २४ मेगाहर्ट्झच्या स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझरवर पाहा. सरासरी बघून समाधान मानू नका, सगळ्यात वाईट आकडा शोधा.

प्रीएम्प्ट-आरटी (उशीर आटोक्यात ठेवणारी कर्नलची सोय) नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नलमध्ये मूळ लिनक्समध्ये आला, आता वेगळा पॅच शोधावा लागत नाही. आरटी कर्नलमध्ये हँडलर थ्रेडमध्ये ढकलले जातात, फायफो प्राधान्य ५० वर, आणि साधा स्पिनलॉक झोपणारा होतो. आयआरक्यूएफ_नो_थ्रेड लावून हँडलर वरच ठेवला असेल तर आतले लॉक रॉ_स्पिन_लॉक करावे लागतात. सरासरी थोडी बिघडते, सगळ्यात वाईट आकडा पुष्कळ सुधारतो.

मॉड्यूल काढताना

सगळ्यात जास्त कर्नल इथेच कोसळतात. फ्री_आयआरक्यू न करता मॉड्यूल काढलं तर हँडलरचा कोड मेमरीतून गेलेला, नोंद मात्र शिल्लक. पुढची एज आली की कर्नल रिकाम्या जागी उडी मारतो. क्रम असा: आधी फ्री_आयआरक्यू, मग कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक, शेवटी बफर. आधी वर्क रद्द केलं तर मधल्या एका एजने ते पुन्हा रांगेत लागतं. डेव्हएम_ वाले (आपोआप मोकळे होणारे) प्रकार सोयीचे, पण ते रिमूव्ह संपल्यानंतर मोकळे होतात. बफर हाताने रिमूव्हमध्ये सोडला आणि इंटरप्ट डेव्हएम_ वर ठेवला, तर मधल्या काळात हँडलर सोडून दिलेल्या मेमरीत लिहितो. सगळं डेव्हएम_ वर ठेवा किंवा सगळं हाताने करा.

‘नोबडी केअर्ड’ असा संदेश दिसला तर हँडलर आयआरक्यू_नन (‘हा माझा नाही’) परत करतोय: एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त कुणी स्वीकारले नाहीत की कर्नल ती लाइन बंद करतो. शेअर्ड इंटरप्टला डेव्ह_आयडी (नोंदणी कुणाची ते ओळखायची खूण) नल दिला तर नोंदणीच होत नाही, आणि सोडताना वेगळा डेव्ह_आयडी दिला तर ‘आधीच सोडलेला’ असा इशारा येतो.

काय घ्यावं

२ जीबीचा बोर्ड पुरतो. मॉड्यूल बांधायला जास्त मेमरी लागत नाही. ६४ बिट ओएस टाका. ३२ बिट ओएसवर ६४ बिट कर्नल चालू शकतो आणि मग हेडर व कंपायलर जुळत नाहीत, मॉड्यूल ‘इनव्हॅलिड फॉरमॅट’ म्हणून परत येतं. कर्नल अपडेट केल्यावर हेडरचं पॅकेजही अपडेट करा, रीबूट करा, मगच मेक चालवा. सोबत यूएसबी-टीटीएल सीरियल केबल घ्या, ३.३ व्होल्टचीच: कर्नल कोसळताना पडद्यावर काही उरत नाही, शेवटच्या ओळी सीरियलवरच सापडतात. दोन एसडी कार्डं ठेवा, एक अडकलं तर दुसरं लावून काम पुढे नेता येतं.

पाय ५ घ्यावा का? तिथे हेडरच्या पिना मुख्य चिपवर नाहीत, आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर आहेत आणि ती पीसीआय एक्सप्रेसवरून जोडलेली आहे. इंटरप्ट त्या बसवरून येतो, ड्रायव्हर वेगळा, आकडे वेगळे. डिव्हाइस ट्री आणि डिस्क्रिप्टर (आकड्याऐवजी कर्नल देतो ती पिनची खूण) वापरून लिहिलेलं मॉड्यूल तिथे फारशा बदलाशिवाय चालतं. ५२९ लिहिलेलं चालत नाही, आणि बीसीएम२७११ चे रजिस्टर थेट हाताळणारं तर मुळीच नाही. रजिस्टरपासून सगळं समजून घ्यायचं असेल तर अजूनही पाय ४ च जास्त सोयीचा: बीसीएम२७११ च्या पेरिफेरल पुस्तिकेतला जीपीआयओचा धडा समोर ठेवून एकेक बिट कर्नलच्या ड्रायव्हरशी ताडून पाहता येतं.